कमी-जास्त पत्रक

खडकवणीचा गावनकाशा कापडावर चिकटवलेला.
घडीच्या जागी तो विरलाय,
आणि नेमका तिथंच गट नंबर दोनशे चौदा.
स्कॅनरवर अंथरताना शिरोडेसाहेब म्हणतात,
"ओला पापड उचलतात तसा उचला, ताई."

नाशिक, दुसरा मजला, खिडकीतून रिक्षास्टँड.
रोज चाळीस गट. कंत्राट मार्चपर्यंत.

रेषेवरून रेष गिरवते.
क्लिक, दगड, क्लिक, दगड,
बांध वळला की आणखी एक क्लिक.
शेवटच्या बिंदूची पहिल्याशी गाठ मारली
की शेत मिटतं, आतून फिकट पिवळं होतं.

मग तपासणी. सॉफ्टवेअर लाल करून दाखवतं:
इथं दोन शेतं एकमेकांवर चढलीत,
इथं ओढा गावठाणातून वाहतोय,
इथं एका द्राक्षबागेला कोपराच नाही.
बहुतेक चुका माझ्या.
दुपारी अडीचच्या गटांत डब्याची सुस्ती असते.
त्या मी निमूट ओढून जागेवर बसवते.

पण चौदा आणि पंधराच्या मधली ही फट
माझी नाही.
लांब, निमुळती, ज्वारीच्या पात्यासारखी.
मोठं करून पाहिलं.
मूळ नकाशातच रेष दोनदा आहे:
एक शाईची,
एक पेन्सिलीची, खोडलेली, तरी उरलेली.
शंभर वर्षांमागं कुणी साखळीवाला
इथं थांबला होता, चार पावलं मागं गेला होता,
पुन्हा मोजलं होतं त्यानं.
टिपणातलं त्याचं अक्षर मोडी.
वाचणारे पगारेअण्णा निवृत्त झालेत,
फोटो पाठवला तर फोनवर म्हणाले,
"'झाड' एवढंच लागतंय. पुढचं वाळवीला."

गुरुवारी रोव्हर घेऊन गेलो.
भूकरमापक ठुबे काठी उभी करतात
आणि आभाळाकडं न बघता स्क्रीनवर बघतात:
"सतरा उपग्रह. आज आवक चांगली आहे."

बांधावर दोघी आधीच हजर.
मुक्ताबाई गामणे, चौदाच्या. हौसाबाई वडजे, पंधराच्या.
आम्ही भांडणाच्या तयारीनं आलेलो;
ठुब्यांनी जबाबाचे दोन कोरे कागद
पाटीला चिमट्यानं लावूनच ठेवलेले.

"ही पट्टी कुणाची?"
"त्यांची," मुक्ताबाई.
"माझी कुठली, त्यांचीच," हौसाबाई.

पट्टीत कढीपत्ता. खोड मनगटाहून जाड,
बुंध्याशी पिलांची दाटी.
"लावला कुणी?"
आम्ही नांदायला आलो तेव्हा होताच, म्हणाल्या.
तोडणारीनं दुसरीला हाक मारायची, एवढाच नियम.
पाणी, जिचं पुढं सरकेल तिचं.

ठुब्यांनी कागद घडी करून खिशात घातले.
"असं बसत नाही कशात," म्हणाले,
त्यांना नाही, मला.

सॉफ्टवेअरला फट चालत नाही.
गावाची बेरीज आकारबंदाशी जुळायला हवी,
वीतभर माती असली तरी कुणाच्या नावे हवी.
चौदाचा बिंदू धरते. सोडते.
पंधराचा धरते.
जवळ नेला की तो आपसूक चिकटतो,
हाताला काही कळत नाही.
लाल गेलं. शून्य चुका.

कमी-जास्त पत्रक उघडलं.
'जास्त'खाली: हौसाबाई वडजे, अर्धा गुंठा.
'कमी'खाली कुणाला लिहू?
रकाना रिकामा सोडला तर पुढचं पान उघडत नाही.
शेवटी एक आडवी रेघ मारली. तिनं ती घेतली.

मग शेऱ्यात टाईप केलं:
बांधावरचा कढीपत्ता दोघींचा, पेन्सिलीची रेष पाहावी.

रकान्याची रुंदी वरून ठरून आलेली,
देवनागरीचं एकेक अक्षर तिथं तीन-तीन घरं खातं.
सेव्ह करून पुन्हा उघडलं.
उरलंय ते असं:

बांधावरचा कढीपत्ता दो