नात्याचा रकाना

फॉर्मवर एक रकाना: दात्याशी नातं.
मी लिहिलं, कुंपण.
खोडलं. शेजारीण लिहिलं.

वेकफील्डला जॅनिस अ‍ॅक्रॉइडच्या काळोख्या शेडमध्ये
रुबार्ब वाढतो मेणबत्तीवर, लाल, आंबट देठांचा.
कान दिला तर कोंब फुटताना ऐकू येतात म्हणे.
दर फेब्रुवारीत एक जुडी कुंपणावरून यायची.
मी हसून घ्यायचो.
किडनीवाल्याला तो वर्ज्य
हे सांगायला मला चार वर्षं लागली,
तिला उत्तर द्यायला एक कप चहा.

लीड्सला एका बाईंनी आम्हाला वेगवेगळं बसवलं.
पैसे? नाही.
दबाव? नाही.
मग काही कबूल केलंय का त्यांना?
हो, म्हणालो, तिची मांजर सांभाळीन
ती हॉस्पिटलात असेतो.
बाईंनी पेन थांबवलं.
तेव्हा लक्षात आलं, मीही तिथेच असणार.

आमच्या भाषेत साडू आहे, विहीण आहे,
नणंदेच्या जावेलाही काहीतरी म्हणता येतं.
अकोल्याचा सख्खा भाऊ ‘बघू’ म्हणाला.
त्याचंही खरंच. मुली लहान आहेत.

आता पोटात उजवीकडे, जरा खाली,
तिचं काहीतरी काळोखात काम करतं.
रात्री तीनला उठतो,
दिवा न लावता उभा राहतो,
धार ऐकत.

सकाळी ती कुंपणापाशी विचारते,
“चालतंय ना नीट?”
उसन्या दिलेल्या गवतकापणी यंत्राचं विचारावं तसं.
चालतंय, म्हणतो मी.
आणि ती मांजरीला हाका मारत
आत जाते.