पाण्याची पावती

गावाचं नाव बिग लेक.
तळं नाही.
जिथे होतं म्हणतात, तिथे खारट पांढरी कड
आणि गंजलेली पाटी: पोहण्यास मनाई.

माझं काम फाटकावर, रात्री अकरा ते सात.
टँकर येतो, मी लिहिते:
एकशे तीस बॅरल, वेळ, ड्रायव्हरची सही.
पाण्यात वाळू, वाळूसोबत रसायन, मग दाब.
दोन किलोमीटर खाली खडक तडकतो;
वर माझ्या चहावरची साय
हलतसुद्धा नाही.

पाणी येतं व्हर्लीन कुबेनाच्या बोअरमधून.
वय एकाहत्तर. स्कूलबस चालवायची.
बॅरलमागे पस्तीस सेंट.
करारावर सही केली तेव्हा
तिनं पाण्यावर पाणी सोडलं, हे तिला
मी कोणत्या इंग्रजीत सांगणार होते?
आणि का सांगावं? तिनं छप्पर बदललं,
नातवाचे दात सरळ करून घेतले.
माझाही पगार त्याच नळाचा.

आमच्याकडे म्हणतात, कुठेतरी पाणी मुरतंय,
म्हणजे कोणीतरी काहीतरी लपवतंय.
इथे सगळं छापील. किती, कुठे, किती खोल.
मुरतं ते मुरतंच.
थोडं वर येतं, पण त्याला
कोणी पाणी म्हणत नाही.

चर्चच्या पाटीवर जूनमध्ये होतं 'पावसासाठी प्रार्थना'.
आता नुसतंच 'साठी प्रार्थना'.
बाकीची अक्षरं वाऱ्यानं नेली.

काल पहाटे चारला ती चालत आली,
हातात दुधाचा रिकामा कॅन.
"नळ खोकतोय," म्हणाली. "आधी गढूळ आलं, मग हवा.
आता हवाही येत नाही."
मागे टँकर उभा. तिचंच पाणी.
पावतीवरची शाई अजून ओली.
रेमुंडो माझ्याकडे बघत होता, मी वहीकडे.
मग काही न विचारता
त्यानं व्हॉल्व्ह सैल केला.

चार गॅलन.
कुठल्या रकान्यात लिहू?
'गळती' असा एक होता. तिथे लिहिलं.

जाताना तिनं टेबलावर तीन सेंट ठेवले.
भाव तिला पाठ होता;
हिशेब जवळजवळ बरोबर.

सातपर्यंत आणखी नऊ टँकर.
नाणी तिथेच आहेत, पावत्यांवर.
वारा फार आहे,
कागद उडू नयेत म्हणून
मी ती हलवलेली नाहीत.