साठ ओहम

उशांगी विचारतो, "काय म्हणते गाडी?"
मी सांगते, काही म्हणत नाही, तीच तर तक्रार आहे.

रुस्तावीच्या बाजारामागचं गॅरेज, पत्र्याला आतून दव.
चंदेरी स्टेशन वॅगन, पलीकडच्या खंडात पुरात बुडालेली,
लिलावात सुटलेली, पोती बंदरावर उतरलेली.
कागदावर पाण्याची उंची लिहिलीय: चाकाच्या मध्यापर्यंत.
कागदावरचं पाणी नेहमी चार बोटं खालीच असतं.

मालक तेन्गिझ टॅक्सी चालवतो.
कडाक्याच्या पहाटे किल्ली फिरवली
की सगळे दिवे एकदम लागतात, लग्नघर असल्यासारखे,
काटे शून्यावर आडवे,
आणि इंजिन हूं की चूं करत नाही.
दुपारी मात्र शहाण्या मुलासारखं चालू.
आधीच्या तिघांनी तीन डबे बदलले:
चोर सुटला, तीन संन्यासी सुळावर.

काल दुपारी मापलं. साठ. बरोबर साठ.
"दारेजान, ताप उतरल्यावर नाडी बघून काय उपयोग?"
म्हणून गाडी रात्रभर अंगणात, उणे सहात,
आणि मी अंधारातच आले, भावाचे हातमोजे घालून.

स्कॅनर लावला. तक्रारींची रांग.
ब्रेक म्हणतो, मागच्याचा आवाज येत नाही.
इंजिन म्हणतं, मागच्याचा आवाज येत नाही.
एअरबॅगसुद्धा तेच, जरा उशिरा.
शिकाऊ होते तेव्हा मी तक्रार करणाऱ्यालाच उघडायची.
जो ओरडतोय तो शाबूत आहे
हे कळायला दोन हिवाळे गेले.
यादीत ज्याची स्वतःची एकही ओळ नाही
त्याच्याकडे जायचं.

दोनच तर तारा, एक पिवळी, एक हिरवी,
वेणीसारख्या एकमेकींत पिळलेल्या.
अशासाठी, की बाहेरचा गोंगाट
दोघींवर सारखाच पडावा;
एकीतून दुसरी वजा केली
की गोंगाट जातो, निरोप उरतो.
आणि दोन्ही टोकांना एकेक रोधक, एकशे वीसचा.
तो बोलत नाही. आलेला शब्द गिळून टाकतो, बस.
तो नसला तर शब्द टोकाला आपटून माघारी फिरतो
आणि मागून येणाऱ्या शब्दाच्या अंगावर कोसळतो.

बॅटरी सोडवली. थोडी थांबले,
डब्यांनाही झोप लागायला वेळ लागतो.
सहा नंबरला एक सुई, चौदाला दुसरी.
एकशे वीस.
हातमोजा काढून पुन्हा मापलं. एकशे वीस.
एका टोकाला ऐकून घेणारं कोणी नाही.

मागची सीट उचलली, खालचं जाजम सोललं.
नदीचा वास अजून होता, कुठल्या नदीचा कोण जाणे.
वाळून पापुद्रे झालेला गाळ,
गाळात एक केसांची क्लिप, लहान मुलीची,
आणि इंधनपंपाच्या डब्याचं सॉकेट:
एका पिनेवर हिरवं मीठ, मोराच्या मानेइतकं सुंदर.
थंडीत धातू आखडतो, केसभर मागे सरतो,
तेवढ्यात तुटतं.
वर कुणाची तरी काळी टेप. त्याने घाईत
हातभर वेणी सोडून तारा सरळ करून ठेवल्या होत्या,
नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून असेल.

खरवडलं. नवी पिन दाबली. पुन्हा पीळ घातला,
बोटं बधिर, दोनदा चुकले, शिव्या दिल्या.
सहा, चौदा.
साठ.

तेन्गिझ आला तेव्हा अंगणात धूर होता, इंजिनाचा.
"काय बिघडलं होतं?"
मी बोटावर धरून जुनी पिन दाखवली.
एवढीशी, म्हणून त्याला पैसे जास्त वाटले.
क्लिपही दिली. त्याने ती खिशात टाकली,
काही विचारलं नाही.

उशांगी खिडकीतून आत वाकून म्हणाला,
"ही अजून मैलांत मोजते."
मोजू दे.
तो काही बिघाड नाही.