चौदा नंबर

साखर पेठेत, माळ्यावरच्या खोलीत
येमूलमामांचे तीन सेट.
लाडका तेवीस चॅनेलचा जपानी,
माइकची तुटकी वायर
चादरीच्या लाल सुतानं गुंडाळलेली.

रात्री चौदा नंबरवर
अक्कलकोटहून बिराजदार:
"नरसू, माग थांबव की रे आधी,
तुझं निम्मं बोलणं विणलं जातंय त्यात. ओव्हर."
मामा खिडकी लावायचे.
तरी खटखट जायचीच,
अडतीस किलोमीटर.

खालून मामी: ताट वाढलंय. ओव्हर.

काल मी सेट लावला.
उशिरानं पिवळा दिवा लागला,
सुई जराशी हलली, बसली.
बोळातले माग मागच्या दिवाळीलाच
किलोवर गेले.

इतकं स्वच्छ आहे सगळं, बिराजदार,
की बटण दाबून धरलंय नुसतं.