तीन मोजेपर्यंत

कोर्टानं धिरयो बंद केली
आणि पुढच्याच वर्षी कुडचड्यात कायतानची केबल आली,
माडावरून माडावर, तिथून आमच्या कौलांवर,
कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी सैल.

आग्नेलच्या बापाचा बैल तेव्हा गोठ्यात नुसता उभा असायचा.
शिंगांना तेल लावलेलं, झुंज कुणाशीच नाही.
त्याच भिंतीच्या अलीकडे आम्ही
चौदा इंची टीव्हीसमोर मांडी घालून
अमेरिकेतली माणसं एकमेकांना उचलून आपटताना बघायचो.

आयर्न बिशप यायचा काळा झगा घालून.
घंटा वाजायची, दिवे जायचे
(आमचेही बरेचदा नेमके तेव्हाच),
आणि आग्नेलची आई आतून क्रूस काढत यायची:
पाद्रीच्या वेषात मारामारी! बंद कर ते, सायबा.
बंद करायची नाही मात्र. दारातच उभी,
हातात सोललेला कांदा,
कर्नल थंडर उठेपर्यंत.

पत्त्यांचा कॅट बाजारात पंधरा रुपयांना.
उंची. वजन. छाती. जिंकलेल्या लढती.
सतरा नव्वे मला अजून अडतात,
पण बिशपची छाती अठ्ठावन्न इंच, हे झोपेतही सांगेन.
बाबांची किती होती, कधी विचारलं नाही.
खाणीवरून येत तेव्हा ती लाल असायची, एवढंच.

खोटं असतं ते सगळं, शणै मास्तर वर्गात म्हणाले,
आणि मी चिडून उपासोमामाकडे गेलो.
वीस जत्रांत तोच दुर्योधन.
मिशीचा डिंक खरवडत होता ओठावरून.
म्हणाला, भीमाची गदा पुठ्ठ्याची, रक्त कुंकवाचं,
पण रंगमंचाची फळी सागाची असते, बाबू.
पडणं खरं असतं.
आणि सदरा वर करून कमरेवरचा काळानिळा डाग दाखवला,
नवीन घड्याळ दाखवावं तसा.

त्याच रविवारी
मंडपवाल्याची एक लोखंडी खुर्ची, कापसाच्या दोन गाद्या.
मी बिशप. आग्नेल कर्नल.
उचलला, खांद्यावरून मागे नेला,
गादी कुठं संपते ते बघितलंच नव्हतं.
करवंटी फुटावी तसा आवाज.
तो ओरडला नाही.

हे कुणाला सांगितलेलं नाही:
तो तसा पडलेला, आणि मी गुडघ्यावर बसून
जमिनीवर थापा मारत मोजलं.
एक. दोन. तीन.

बैल विकला. खाणी बंद पडल्या. बाबांचा ट्रक
शेडमध्ये चाकांवर गवत घेऊन उभा राहिला.
आग्नेल पोर्तुगालच्या पासपोर्टवर स्विंडनला,
गोदामात खोकी उचलतो.

परवा त्यानं ती लढत पाठवली मोबाइलवर.
पिवळट, मधेच थरथरणारी.
बिशपचं पोट सुटलेलं दिसतं आता. आमच्याएवढाच असेल तेव्हा.
थांबवलं, मागे नेलं, परत बघितलं:
कर्नलला डोक्यावर घेण्याआधी
तो त्याच्या कानाशी तोंड नेतो.
आम्हाला वाटायचं, शाप देतोय.
ओठ बघितले तर विचारतोय काहीतरी,
आणि कर्नल, ज्याचा आता जीव जाणार,
त्याच्या दंडावर दोन बोटं हळूच दाबतो.
उचल.

फोन लावला. तिकडे रात्रपाळी,
मागे कुठलंतरी यंत्र टूंटूं करत मागे सरकत होतं.
थंडीत खांदा दुखतो का, विचारणार होतो.
तोंडून एवढंच आलं: बरो आसा मरे?

तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, तू मोजत होतास ना,
मी दोनवर उठणार होतो रे.
नाही जमलं.