निळी कड

मंडईतल्या फुटक्या अंजिरावरून एक,
गणेशखिंडीतल्या नीरेच्या ग्लासाच्या तळातून एक,
असे चौदा यीस्ट गोळा झाले.
दिसायला सगळे सायीच्या रंगाचे.
सूक्ष्मदर्शकाखाली अंडी,
आणि अंड्यांना फुटलेली अंडी.
आता नाव कशावरून ठेवायचं?

जुनी रीत आहे. एकाचं शेत पेरायचं अगारवर,
मिथिलीन ब्लू घालून, जरा आंबट ठेवून,
आणि वर दुसऱ्याची रेघ ओढायची.
वीस अंशांवर तीन दिवस.
रेघ मारेकऱ्याची असली तर भोवती पट्टा पडीक,
आणि पट्ट्याच्या कडेला निळं:
मेलेली पेशी रंग पिऊन बसते.

गंमत अशी, की परक्याच्या वाटेला
सहसा कुणी जात नाही.
भूछत्रांच्या गोतातलं ते गुलाबी यीस्ट
चौदांमध्ये निवांत वाढलं.
विष लागतं ते जवळच्याला.
ते अडकायला पेशीच्या भिंतीत
ओळखीची खुंटी लागते.
कोण कुणाच्या हातून मरतं, लिहीत जा;
कूळ आपोआप कळतं.

“हे काय प्रयोग करून बघायचं?”
काचा विसळता विसळता चांदेरेमामा.
सूसचे अकरा गुंठे, शिवाजीनगर कोर्ट, एकोणीस वर्षं.
फाइलीवर चांदेरे विरुद्ध चांदेरे.

मेमध्ये पाषाणला कुणाच्या तरी जेसीबीनं केबल तोडली.
दोन दिवस लाइट नाही. खोलीत चाळीस.
नीरेतला सात नंबर, आमचा सगळ्यात जहाल,
त्यानंतर त्याची रेघ ओढली
तर शेत अगदी बांधापर्यंत हिरवंगार म्हणावं तसं, दाट.
तापून त्याच्या आतला विषाणू गेला होता,
ज्याच्या जिवावर तो विष बनवायचा
आणि पचवायचाही.

मग त्याच तापलेल्या सातचं शेत,
वर फ्रीजमधल्या जुन्या सातची रेघ.
तिसऱ्या दिवशी निळी कड.

मामांनी प्लेट खिडकीशी धरली. बराच वेळ.
“वकिलानं तडजोडीचा कागद पाठवलाय.
शुक्रवारी सही.”
मी म्हटलं, मामा, हे यीस्ट आहे.
“हो ना,” म्हणाले,
आणि प्लेट ऑटोक्लेव्हच्या बादलीत टाकली,
हळूच, आवाज न करता.

तक्त्यात आता सातच्या दोन ओळी आहेत.
नाव एकच लिहिलंय.
शुक्रवारी मामा रजेवर होते.
मी विचारलं नाही.