अकरा दिवस खाऱ्यात

चोडणहून पहिली फेरी. मांडीवर पिशवी,
पिशवीत ओल्या फडक्यात कोरगुटाची तीन रोपं, मुळांसकट.
समोरच्या मोटारसायकलवाल्यानं विचारलं, भाजी?
मी हो म्हटलं.

बांध फुटला त्या रात्री जुझे म्हणाला होता,
संपलं, दोन वर्षं आता इथे काही उगवायचं नाही.
शेजारच्या तुकड्यातलं सोसायटीचं बियाणं
चौथ्या दिवशी पिवळं, सातव्या दिवशी कुजका वास.
कोरगुट उभंच. टोकं तेवढी करपली.

ताळगावच्या प्रयोगशाळेत मी काचा धुते,
रंग कालवते, फ्रीजचं तापमान लिहिते.
सगळे जेवायला गेले की
भिंगाला डोळा लावते.

मीठ असेल तिथे हिरवा उजळतो असला एक रंग आहे,
महाग, थेंबाथेंबानं वापरायचा.
मुळाची पेशी: पातळ भिंत,
आत पाण्याची एक मोठी खोली,
आणि बाकी सगळा संसार
भिंतीला पाठ लावून, अंग चोरून.
उजळली ती खोली.

मला वाटलं होतं, आलेलं मीठ ती बाहेर हाकलत असेल.
थोडं हाकलते. उरलेलं
कण कण उचलून त्या आतल्या खोलीत नेते
आणि दार ओढून घेते.
फुकट होत नाही हे. प्रत्येक कणाला मजुरी पडते.

कोपऱ्यात आणखी कामं चालू असतात, ती या रंगात दिसत नाहीत.
डॉ. सिल्वेरा सांगतात: खारानं, तापानं
प्रथिनांच्या घड्या विस्कटतात,
तेव्हा दुसरी प्रथिनं धावून त्यांना धरतात,
पुन्हा नीट दुमडायला वेळ देतात.
जे सावरतच नाही ते मोडून त्याचे सुटे भाग वापरायचे.

बाबा मानशेकार.
भरती आली की मानशीची दारं आपसूक मिटतात,
ओहोटीला उघडतात, माणूस लागतोच असं नाही.
तरी ते रात्री दोनला कंदील घेऊन निघायचे,
कुर्ल्यांनी बांध पोखरला का बघायला.
पायांच्या भेगांत चिखल वाळून पांढरा व्हायचा.

कुष्टादादा बोटीवर गेला, त्याचं पहिलं पत्र आलं,
दुसरं आलं नाही.
बाबा त्यावर एक अक्षर बोलले नाहीत.
आम्ही जेवलो, शाळेत गेलो, मी दहावीला पहिली आले.
त्यांनी ते कुठल्या खोलीत नेऊन ठेवलं,
मी कधी विचारलं नाही.

आज पानं कापली.
जास्तीचं मीठ हे झाड जुन्या पानांत भरतं,
आणि ती पानं वाळू देतं.

जिन्यात पावलं वाजतायत. घाईनं वहीत लिहिते:
नमुना तीन. जुनं पान, झगझगीत.
कोवळं पान, पूर्ण काळोख.

नव्या मुलीला हे उलटं वाटेल.
तिला सांगायला हवं,
इथे काळोख दिसला की समजायचं, बरं चाललंय.